ओलं कपाळ

धान्याचं भरलेलं पोतं कोणालाही एकट्यानं स्वतःच्या पाठीवर घेता येत नाही. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं. त्यांना दिसतो तो पाठीवर पोतं घेऊन तुरुतुरु चालणारा हमाल, आणि वाटतं की यानंच ते उचललं असेल. खरं काम त्याच्या आधीचं असतं. दोघं जण समोरासमोर उभे राहतात, पोत्याचे कान धरतात, तिसरा पाठ वाकवून मधे शिरतो आणि हे दोघं एका दमात ते त्याच्या पाठीवर ठेवतात. याला आम्ही हात देणं म्हणतो. हात देताना समोरच्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो. त्यानं सकाळी भाकरीसोबत कांदा खाल्ला की लसणाची चटणी, हे विचारावं लागत नाही.

आमच्या तालुक्याच्या बाजार समितीच्या यार्डात मी अकरा वर्षं पोती वाहिली. मग एकदा तुरीच्या थप्पीवरून खाली आलो, कंबर गेली आणि मी मापारी झालो. मापारी म्हणजे काट्यावर वजन करून ते मोठ्यानं सांगणारा माणूस. शेतकऱ्याला वाटतं हा व्यापाऱ्याचा, व्यापाऱ्याला वाटतं हा शेतकऱ्याचा, त्यामुळे दोघांच्याही शिव्या त्याला मिळतात. दहावी पास होतो आणि अक्षर बरं होतं म्हणून हमाल संघटनेचं सेक्रेटरीपदही माझ्याच गळ्यात पडलं. शिव्या देणारे आणखी वाढले, एवढाच फरक.

थप्पीवरून पडलो त्या दिवशी मला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं ते सुखदेवनं. रिठदकडचा माणूस, माझ्याच वयाचा. आम्ही दोघांनी मिळून इतक्या जणांना हात दिला होता, की एकमेकांकडे न बघता आमचा झटका बरोबर पडायचा. पुढे तो त्याच्या टोळीचा मुकादम झाला. दहा माणसांची टोळी, सगळी त्याच्या शब्दातली. रागीट होता, पण राग घटकाभराचा. जेवायला बसला की आधी दुसऱ्याचा डबा उघडून पाहायचा आणि आवडला तर निम्मा संपवायचा. माझ्या बायकोनं त्याच्यासाठी दोन भाकरी जास्तच द्यायची सवय लावून घेतली होती.

आता यार्डातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. यार्डात अडत्यांची दुकानं असतात. शेतकऱ्याचा माल आधी अडत्याच्या दुकानासमोर उतरतो, तिथं बोली लागून त्याची हर्रासी होते, मग माप होतं, मग थप्पी लागते. प्रत्येक दुकानाची हमालांची टोळी ठरलेली. अमुक दुकान अमुक टोळीचं, त्यात दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही. कागदावर यातलं काहीच नसतं. जी टोळी हंगाम काढते तिचं ते दुकान, इतकंच. सुखदेवच्या टोळीकडे ओमशेठचं दुकान होतं, यार्डातलं सगळ्यात मोठं. त्याच्या आधी त्याचा बाप त्याच दुकानात होता. सुखदेव त्या दुकानाला ‘आपलं’ म्हणायचा. गंमत म्हणजे ओमशेठही ‘आपलं’च म्हणायचे.

कोरोना आला आणि यार्डाला कुलूप लागलं. लोकांच्या घरात हरभरा, तूर, हळद पडून, आणि आमच्या माणसांच्या घरात काहीच नाही. महिनाभरानं तहसील कार्यालयात बैठक बोलावली. एका बाजूला तहसीलदार मॅडम आणि तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी, दुसऱ्या बाजूला अडते असोसिएशनतर्फे ओमशेठ, तिसऱ्या बाजूला मी. खुर्च्या इतक्या लांब लांब मांडलेल्या, की लग्नात रुसलेले पाहुणे बसावेत तसे आम्ही बसलो होतो. ओमशेठ आणि मी हमालीच्या दरावरून पंधरा वर्षं एकमेकांवर ओरडत आलो होतो. त्या दिवशीही ओरडलो, पण तोंडावर मास्क आणि मधे अंतर म्हणून.

मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी फाईल उघडलीच नाही. म्हणाल्या, “मला यार्ड सुरू करायचंय आणि एकही माणूस मरू द्यायचा नाही. कोण काय देणार ते सांगा.”

मी आजवर कितीतरी बैठकांना बसलो, पण ‘कोण काय देणार’ असं कोणी विचारलेलं नव्हतं. कोण काय मागणार, यातच सगळा वेळ जायचा. त्या दिवशी दोन तासांत सगळं ठरलं. सरकारनं परवानगी, शेतकऱ्यांना दिवस ठरवून टोकन, ताप मोजायचं यंत्र आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर द्यायचा. अडत्यांनी गेटबाहेर पाण्याची टाकी बसवायची, साबण ठेवायचा, आणि आजारी पडलेल्याच्या घरी किराणा पोचवायचा. संघटनेनं शिस्त ठेवायची आणि गेटवर ताप मोजायला आपला माणूस उभा करायचा. तो माणूस मीच. दुसऱ्या कोणाचं हमाल ऐकणार नाहीत, असं मीच छाती फुगवून सांगितलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, “एखाद्याला ताप निघाला, तर त्याच्या जवळ कोण कोण येतं?”

मी उठलो. शिपायाला समोर उभं केलं, मधे खुर्ची धरली आणि हात देणं म्हणजे काय ते करून दाखवलं. डॉक्टरांचे डोळेच मोठे झाले. मी म्हणालो, “साहेब, एकाला ताप म्हणजे अख्खी टोळी चौदा दिवस घरी, असं लिहा. नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही.” मॅडमनी मान हलवली आणि माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं सरकारी कागदावर आलं. घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्या टोळ्यांसमोर तो कागद वाचून दाखवला. सुखदेव तेवढा मागून बोलला.

“वसंता, चौदा दिवस आमी घरी. दुकान कोन पाह्यन?”

“बदली टोळी.”

“अन् मंग?”

“मंग तुमी आले का थे जातीन.”

“हे लिवलं काय कागदावर?”

“कागदावर कायले पाह्यजे? सारं यार्ड ओयखते कोनाचं दुकान कोनतं हाय थे.”

त्याच वेळी मी तहसीलात जाऊन एक ओळ वाढवून आणायला हवी होती. पण कागदावर सह्या झालेल्या, शिक्का बसलेला, मॅडम खूश. एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा कुठं जायचं, असं मला वाटलं.

पहिलं वर्ष खरं सांगायचं तर छान गेलं. छान म्हणताना जीभ अडखळते, पण यार्डापुरतं ते खरं आहे. आसेगावकडचे एक म्हातारेबुवा टोकनाच्या दिवशी हरभरा घेऊन आले आणि मास्क लावा म्हटल्यावर माझ्यावरच उखडले. “खळ्यात बैलानं दाने खाऊ नाई म्हून आमी त्याले मुसकं बांधतो. मले कायले बांधून राह्यले बावा? अथी खानारे कोन हायेत थे सर्वायले माईत हाय!” आणि हे म्हणताना पाहत होते ओमशेठकडे. ओमशेठ मास्कच्या आत हसले आणि स्वतःच्या हातानं म्हाताऱ्याला मास्क बांधला. असे शेठ मी आधी पाहिले नव्हते. तेही माझ्याबद्दल तसंच म्हणाले असते बहुतेक. रोज सकाळी मला चहा पाठवायचे, तोही आल्याचा. संघटनेतले काही जण मला चिडवायचे, की सेक्रेटरी आता शेठच्या कपात बुडाला. मी चिडायचो, पण चहा प्यायचो. दोनदा टोळ्या घरी बसल्या, चौदा दिवसांनी परत आल्या, आपापल्या दुकानात लागल्या. ते कमी गर्दीचे दिवस होते, त्यामुळे निभलं.

दुसऱ्या वर्षी ऐन हरभऱ्यात लाट आली. शिरपूरकडच्या पोरांच्या एका टोळीत एकाला ताप निघाला. मीच काढला. दहाही जणांना घरी पाठवलं. किराणा पोचला, डॉक्टर गेला, सगळं कराराप्रमाणे झालं. पोरं चौदा दिवसांनी परत आली तर दुकानात बदली टोळी घट्ट बसलेली. अडत्या म्हणाला, “हंगाम भरात आहे, आता माणसं बदलली तर घोळ होईल. हंगाम संपू द्या.” हंगाम काढेल त्याचं दुकान, ही रीत त्यालाही माहीत होती. मी भांडायला गेलो. ओमशेठ मधे पडले, दिवाळीला बसून मिटवू असं ठरलं. ती पोरं गेटबाहेर लिंबाखाली बसून राहायची, मिळेल त्याचं काम करायची. येणारा जाणारा प्रत्येक हमाल त्यांच्याकडे बघून आत जायचा.

त्या दिवसानंतर आमच्या यार्डात कोणाला ताप आला नाही.

गावात घराघरात माणसं आजारी. दवाखान्यात जागा नाही. शेजारच्या तालुक्यात यार्ड बंद पडलेलं. आणि आमचं यंत्र मात्र रोज सगळ्यांना निरोगी ठरवत होतं. आढावा बैठकीत मॅडमनी आमच्या यार्डाचं उदाहरण दिलं. शासन, व्यापारी आणि कामगार एकत्र आले की काय होतं ते इथं येऊन पाहा, असं म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून नमस्कार केला.

टाळ्या घेताना मला माहीत होतं. गेटबाहेरची पाण्याची टाकी हात धुवायला होती. माणसं तिथं हात धुवायची, मग तोंड धुवायची, मग दुपट्टा भिजवून डोक्यावर पिळायची आणि तशीच निथळत माझ्यासमोर कपाळ करायची. ओल्या कपाळाचा ताप यंत्राला कळत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, की कपाळ कोरडं करून मोजा, आणि त्यासाठी मी खांद्यावर एक कोरडा दुपट्टा ठेवायचो. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात हमाल डोक्यावर पाणी ओतूनच कामाला लागतो, बापजाद्यांपासून. कोण उन्हासाठी भिजलाय आणि कोण तापासाठी, हे कसं ओळखायचं? असं मी स्वतःला विचारायचो आणि पुढच्या माणसाला बोलवायचो. ओळखता येत होतं. पुसून मोजलं असतं की लगेच कळलं असतं. पण पुसलं तर टोळी घरी जाणार, आणि टोळी घरी गेली तर दुकान जाणार. त्या लिंबाखालच्या पोरांची तोंडं मला दिसायची. मी पुसणं सोडून दिलं. माणसांवर उपकार करतोय असंच मला वाटत होतं.

एका मंगळवारी सुखदेव आला. हळदीची आवक जोरात होती, ओमशेठच्या दुकानापुढे ट्रॅक्टरांची रांग लागलेली. त्याची नऊ माणसं पुढे निघून गेली, तो मागे राहिला. डोक्यावरून पाणी निथळत होतं. डोळे लाल. चालताना एका हातानं गेटचा गज धरला होता. हा माणूस पोतं पाठीवर असतानाही कशाचा आधार घेत नसे.

“डोये काहून लाल झाले बे?”

“हयद गेली डोयात.”

“कवा?”

“काल.”

मी यंत्र धरलं. आकडा चांगला आला. फारच चांगला, मेलेल्या माणसाचा येईल इतका थंड. माझ्या खांद्यावर दुपट्टा होता, कोरडा. हात त्याच्याकडे गेलाही. सुखदेव तसाच समोर उभा राहिला. आकडा निघाला की हमाल लगेच पुढे सरकतो, थांबत नाही. तो थांबला होता. माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला वाटलं, तो विनवतोय, की वसंता, जाऊ दे, दुकान जाईल. मी म्हणालो, “दुपारी बरं नाई वाटलं तं घरी जाजो.”

“बरं,” म्हणाला आणि आत गेला.

दुपारी तो घरी गेला नाही. तीन दिवस काम केलं. चौथ्या दिवशी हळदीच्या थप्पीला टेकून बसला तो उठेचना. मग मात्र आमचं सहकार्य काय असतं ते सगळ्यांनी पाहिलं. ओमशेठनी स्वतःची गाडी काढली आणि मागची सीट पाडून स्वतः चालवत नेली, मास्कवर मास्क लावून. मॅडमनी फोनवर फोन करून तासाभरात वाशिमला बेड मिळवला. त्या दिवसांत बेड मिळणं म्हणजे काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. आमच्या पोरांनी प्राणवायूचं सिलेंडर कुठून तरी उचलून आणलं. सगळ्यांनी सगळं केलं. नवव्या दिवशी सुखदेव गेला.

प्रेत घरी दिलं नाही. नगरपालिकेची चार माणसं पांढऱ्या कपड्यात आली आणि घेऊन गेली. यार्डातले सगळे हमाल स्मशानाच्या रस्त्यावर लांब उभे होते. आयुष्यभर ओझी उचललेली माणसं, आणि आपल्या माणसाला खांदा देता आला नाही. टोळीतले एक म्हातारे जागच्या जागी, खांदा देताना धरतात तसा हात वर करून उभे होते, कितीतरी वेळ. मला रडू आलं नाही. मी घरी आलो, जेवायला बसलो आणि बायकोनं सवयीनं दोन भाकरी जास्त केलेल्या पाहिल्या, तेव्हा आलं.

त्याच्या टोळीतले आणखी दोघं आजारी पडले. ते वाचले. त्यांना हात देताना सुखदेवचा श्वास लागला असणार, यात मला शंका नाही.

आठवड्याभरात मी तहसीलात गेलो आणि कागदात एक ओळ वाढवायला सांगितली. टोळी घरी बसली तरी दुकान तिचंच राहील, बदली टोळीचा त्यावर हक्क नाही. मॅडमनी ओमशेठना बोलावलं. ओमशेठनी चष्मा लावला, वाचलं आणि खिशातून पेन काढलं. “इतनीसी बात थी, वसंतभाऊ?” म्हणाले. “पहिले काहून नाई सांगतलं?” अर्ध्या तासात सही, शिक्का, सगळं झालं. लिंबाखालच्या पोरांनाही त्यांचं दुकान परत मिळालं. दुसऱ्या दिवसापासून माणसं गेटवर येऊन स्वतःच सांगायला लागली, की भाऊ, आंग कसकस करून राह्यलं, नीट मोजा. त्यानंतर यार्डात कोणी मेलं नाही. आमचा तो कागद पुढे इतर यार्डांनीही मागवून नेला म्हणतात. मॅडमची बदली झाली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले.

गेल्या वर्षी मी काम सोडलं. सोडल्यावर सगळ्यात आधी सुखदेवच्या घरी गेलो, गावाकडे. एवढी वर्षं मी सणावाराला जात होतो, पोरीच्या लग्नाचं पाहत होतो, पण जे सांगायचं ते सांगितलं नव्हतं. या वेळी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्याच्या बायकोनं, पार्वतावहिनींनी, चहा ठेवला. पोरगी माहेरी आली होती, ती आत काहीतरी वाचत पडली होती. मी सुरुवात कशी करावी या विचारात, तर वहिनी आपणहूनच बोलू लागल्या. माझ्याशी बोलताना त्यांना सुखदेवची आठवण निघतेच.

“त्या मंगयवारी म्या लय अडोलं, भाऊजी. रातभर आंग फनफनत होतं त्यायचं. म्या म्हनलं, जाऊ नोका. दुकान गेलं तं गेलं. तं म्हने, मले समजून नाई राह्यलं काय करू थे. टोयीतल्या पोरायचं दुकान जाईन म्हून मी काई स्वता होऊन घरी बसत नाई. पन लय असन तं गेटवर वसंता हाय, थो मले बराबर वापस धाडन. त्यानं धाडलं का मंग मी येतो. म्हून म्या जाऊ देल्लं, भाऊजी. तुमी होते म्हून.”

त्यांनी मला दोष दिला नाही. तुमच्या यंत्रालाही तो कळला नाही, असला आजार होता तो, असंच म्हणाल्या आणि कपात चहा ओतला. मी चहा प्यायलो. सांगायला गेलेला माणूस गावातल्या पाऊसपाण्याचं विचारून परत आला.

तेव्हा तो गेटवर का थांबला होता, हे मला आता कळलं आहे. मी समजलो होतो, तो सोडायला विनवतोय.

सुखदेवची पोरगी दिवाळीत माहेरी येते आणि दिवाळी अंक आणते. आईला वाचून दाखवते, वहिनींना वाचता येत नाही. हा लेख ती मोठ्यानं वाचेल. म्हणून इथं लिहितो, कारण समोर बसून मला ते जमलं नाही. वहिनी, यंत्राला कळलं नव्हतं हे खरं आहे. मला कळलं होतं. तो परत पाठवून घ्यायला आला होता आणि मी त्याला आत सोडलं.